एकशे सत्तावीस लेकरं

भिंतीवर माझा मोबाईल उघडा पडला होता.

लातूरच्या त्या कोडिंग क्लासमध्ये शनिवारी शंकांचा तास असायचा. ज्याचं अडलंय त्यानं पुढं जायचं, आपला लॅपटॉप केबलला लावायचा. जे काय असेल ते समोरच्या पडद्यावर सगळ्यांनी बघायचं. माझ्याकडं लॅपटॉप नव्हता. मी मोबाईलवरच कोड लिहायची. पहिल्या दिवशी सरांनीच सांगितलं होतं, मोबाईलवर पण पायथन चालतं, लाजायचं काही कारण नाही. म्हणून मी मोबाईल लावला.

आधी कोड दिसलाच नाही. आधी दिसला फोटो. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आमच्या घरात देव्हारा नाही, तिथं हाच फोटो आहे. मोबाईलवर पण तोच. तळहाताएवढा फोटो एकदम भिंतभर झाला.

 मग सर म्हणाले, "अच्छा. असं आहे होय."

मी घाईघाईनं कोड उघडायला गेले. बोट घसरलं. फोटो तसाच.

"गाव कुठलं म्हणालीस?"

"जळकोटच्या बाजूला हाय सर. खेडं हाय."

"गावात घर आहे, का गावाच्या बाहेर?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही.

"बाहेर," मी म्हणाले.

"हां. उघड आता तुझा कोड."

तो कोड मी आईसाठी लिहिला होता. आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी तिनंच शिजवायची. काही लेकरं सकाळीच येतात, काही मागून रडत-रडत, कुणाच्या तरी कडेवर. सगळी मिळून किती, हे कळल्याशिवाय तांदूळ टाकता येत नाही. आईला बेरीज येत नाही असं नाही, चांगली येते. पण मी नवीन-नवीन शिकत होते. मला वाटलं, आपण शिकतोय ते घरात कुठंतरी लागावं. एवढंच.

कोडमध्ये मी प्रश्न मराठीत लिहिले होते. आई वाचणार होती ना. 'सकाळच्याला किती लेकरं आली?' तिथं आकडा टाकायचा. 'मागून किती आली?' पुन्हा आकडा. मग खाली उत्तर यायचं, 'समदी मिळून इतकी.'

मी बारा टाकले. मग सात टाकले. उत्तर आलं, एकशे सत्तावीस.

हेच माझं अडलं होतं. दोन दिवस मी त्याच्यापाशी बसले होते. एकोणीस का येत नाहीत?

सरांनी हातात माईक घेतला. त्यांना माईकची गरज नसायची, वर्ग एवढा मोठा नव्हता. टीव्हीवर खेड्यातली बाई करून दाखवतात ना, डोक्यावर पदर ओढून, तसा आवाज काढला आणि वाचलं, "सकाळच्याला किती लेकरं आssली? मागून किती आssली? समदी मिळून..."

वर्ग हसत सुटला.

"हा कोड आहे का जात्यावरचं गाणं?"

आणखी हसले.

"बारा होती, सात आली, एकशे सत्तावीस झाली! किती वाढता गं तुम्ही लोकं!"

त्यानंतरचं हसणं मला वेगळं करून सांगता येणार नाही. बाकावर हात आपटत होती पोरं. पुढच्या बाकावरची एक पोरगी डोळे पुसत होती, इतकी हसली. माझ्या खोलीतलीच पोरगी. आम्ही एकाच डब्यातलं खायचो.

"जा बस. आधी बोलायला शीक, मग कोड लिही. नेक्स्ट."

मी काही बोलले नाही. मान खाली घातली, केबल काढली आणि जागेवर जाऊन बसले. मला तरी तसंच आठवत होतं. पुढं कितीतरी दिवस हेच आठवत राहिलं. भिंत, हसणं, आणि मान खाली घातलेली मी.

माझं नाव त्या दिवशी संपलं. जिन्यात, चहाच्या गाड्यावर, ग्रुपवर, सगळीकडं मी एकशे सत्तावीस. पोरं प्रेमानंच म्हणायची, असं ती सांगायची. "अरे राग कशाला, सगळ्यांनाच नावं आहेत." होती. एकाला 'भाई' म्हणायचे, एकाला 'प्रोफेसर'. मला आकडा.

रविवारी मी गावी निघाले. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर उतरले. अण्णा तिथल्याच डेपोत मेकॅनिक आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील. हाताला काळं ग्रीस, तसेच आले. चहा घेतला आम्ही. मी सांगितलं, वर्गात हसले माझ्यावर. फोटोचं सांगितलं, आवाज काढून दाखवल्याचं सांगितलं. 'तुम्ही लोकं' मात्र सांगता आलं नाही. ते तोंडातून निघालंच नाही.

अण्णांनी कप खाली ठेवला. "हसतील त्यांचे दात दिसतील. आपलं काय जातंय? तू गुमान शीक. आपल्याला शिकायचं हाय का भांडायचं हाय?"

"शिकायचं हाय."

"मग झालं तर."

पुढच्या बसमध्ये उभ्यानं प्रवास होता. एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं मी मोबाईलवर शोधत होते. सगळं इंग्रजीत. एक-एक शब्द लावत वाचायचं. कुठल्या देशातल्या कुठल्या तरी पोराचं पण असंच अडलं होतं. त्यानं पण दोन आकडे मिळवले होते, ते पण एकमेकांना चिकटून बसले होते. कुणीतरी खाली लिहिलं होतं, तू जे टाइप करतोस ते कॉम्प्युटर अक्षर समजतो. आधी त्याला सांग, हा आकडा आहे.

म्हणजे int. आय, एन, टी. पुढं कंस.

एवढंच होतं ते. तीन अक्षरं. हे सांगायला सरांना किती वेळ लागला असता? आवाज काढून दाखवायला लागला त्याच्याहून कमी.

घरी गेले. आई म्हणाली, "झालं का गं ते तुझं, लेकरं मोजायचं?"

"न्हाई झालं. ते अवघड हाय आई."

झालं होतं. बसमध्येच झालं होतं. पण आईच्या हातात ते द्यायची इच्छाच राहिली नाही. तिनं वाचलं असतं, 'सकाळच्याला किती लेकरं आली', आणि मला आईचा नाही, सरांचा आवाज ऐकू आला असता. मी तो कोड पुसून टाकला.

क्लास सोडला नाही. पण त्यानंतर मी शंका विचारली नाही. एकही नाही. न विचारण्याची पण सवय लावावी लागते. अडलं की चेहरा कोरा ठेवायचा. सर म्हणाले, "कळलं का?" की बाकीच्यांबरोबर मान हलवायची. शेजारच्याच्या स्क्रीनवर तिरप्या नजरेनं बघायचं. दुसऱ्यानं आपलीच शंका विचारली तर आपल्याला त्याचं उत्तर कधीचं येतं असं दाखवत बसायचं. आणि कुणी विचारली, सर त्याला हसले, तर आपणही हसायचं. मी हसले आहे. बाकाखाली मुठी वळून हसले आहे.

माझी बोलीपण मी बदलली. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. आता हे सांगताना पण माझ्या तोंडी ते 'आहे' येतंय. बसलंय ते. कोडमधलं सगळं इंग्रजीत लिहायला लागले. मला नीट कळत नसलेल्या इंग्रजीत.

शिकले कसंबसं. नांदेडला नोकरी लागली. लहानसं ऑफिस, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. शाळांसाठी सॉफ्टवेअर करायचे तिथं. हजेरी, निकाल, ओळखपत्रं. माझ्या वर नसरीन आपा होत्या. नांदेडच्याच, मोठ्या आवाजाच्या. मराठीत सुरुवात करायच्या आणि राग आला की दखनी उर्दूत जायच्या.

पहिलंच मोठं काम आलं एका शाळेच्या ओळखपत्रांचं. जन्मतारखा जुन्या फाईलमधून घ्यायच्या होत्या. त्या फाईलमध्ये कुठं महिना आधी होता, कुठं दिवस; दोन्ही आकडे बाराच्या आतले असले की कुठला कोणता, हे मला कळेना. विचारायचं होतं फक्त. आपा हातभर अंतरावर बसलेल्या. मी वळायची, तोंड उघडायची, आणि तो शनिवार समोर यायचा. भिंत. माईक. मी पुन्हा स्क्रीनकडं बघायची. माझं मीच ठरवलं, दिवस आधी असणार.

ओळखपत्रं छापून शाळेत गेली. पोरांचे वाढदिवस उलटेपालटे. कुणाचा मार्चचा मे झाला, कुणाचा जूनचा फेब्रुवारी. शाळेतून फोन आला. मालक आपांवर ओरडला. आपा माझ्याकडं आल्या.

"शक था तुमकू?"

"होता."

"फिर पूछे कायकू नै? मैं बाजू में बैठी थी ना? शेर थी क्या मैं, खा जाती?"

 मी रडले नाही. नुसती उभी राहिले. त्यांचा राग उतरला, पण माझ्याकडं बघत राहिल्या. "किसने क्या किया जी तुमकू?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणाले, काही नाही आपा.

मालकानं मला कोडवरून काढून तपासणीवर बसवलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं चालतंय का बघायचं. "तुझ्याच्यानं लिहायचं होणार नाही," म्हणाला. तोही बरोबरच म्हणत होता, असं तेव्हा मला वाटलं.

मग एका दुपारी प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा माझ्या मामाची मुलगी. बारावी होऊन ती पण लातूरला आली होती. त्याच क्लासला. माझ्याकडं बघूनच मामानं तिला घातलं होतं तिथं. मी नको म्हणाले नव्हते. का नको, ते सांगावं लागलं असतं.

"ताई, कामात हायस का?"

"बोल."

"आज क्लासमधी सरनी एक व्हिडिओ दाखवला. शंका कशी विचारू नये, असा. ते दर बॅचला दाखवतात म्हणे. लई फेमस हाय." ती थांबली. "त्यात चेहरा न्हाई नीट दिसत, पाठमोरी हाय ती पोरगी. समदे हसले ताई. मी बी हसले. लई हसले. मग ती पोरगी बोलली, आन् तुझा आवाज होता."

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, तो फोटो पण आपल्याच घरातला हाय."

"हाव," मी म्हणाले.

"मला माहीत नव्हतं गं. मला माहीत असतं तर मी..." ती रडायला लागली.

शंकांचा तास रेकॉर्ड व्हायचा, हे मला माहीत होतं. उजळणीसाठी, असं सांगायचे. त्यातला तेवढाच तुकडा कापून ठेवला होता. माझ्यानंतर आलेल्या प्रत्येक बॅचला दाखवत होते. म्हणजे तो शनिवार संपलाच नव्हता. मी लातूर सोडलं, नांदेडला आले, आणि तिकडं मी रोज त्या भिंतीपुढं उभीच होते. नवीन-नवीन पोरं येऊन हसून जात होती. आता माझ्याच घरातली पोरगी हसली होती.

"पाठव मला तो," मी म्हणाले.

क्लासच्या अॅपवर होता. तिनं पाठवला. मी आपांचे इअरफोन मागितले, जिन्यात जाऊन बसले आणि लावला.

मी तो बघायला घाबरत होते. मला वाटलं होतं, खाली मान घातलेली एक पोरगी दिसेल आणि मला तिचा राग येईल.

तसं नव्हतं.

पाठमोरी पोरगी ताठ उभी होती. सरांनी आवाज काढला, वर्ग हसला. आणि त्या हसण्यातून तिचा आवाज आला. "सर, पण बारा आन् सात एकोणीस होतात ना?" सर पुढं बोलले, जात्यावरचं गाणं वगैरे. पुन्हा हसले. पुन्हा तिचा आवाज, "पण सर, हे चिकटून का यायलेत? मिळवून का न्हाई?" मग ते वाक्य, किती वाढता गं तुम्ही लोकं. हसण्याचा कल्लोळ. आणि त्याच्या शेवटी, हसणं ओसरताना, अगदी स्पष्ट, "सर, माझं उत्तर राहिलं."

सर म्हणाले, "नेक्स्ट."

मग ती पोरगी वळली. तुकडा संपला.

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. मला हे काही आठवत नव्हतं. लाजेनं माझी आठवण पण खाऊन टाकली होती. मी गप्प बसले नव्हते. मी मान खाली घातली नव्हती. मी विचारत होते. अख्खा वर्ग हसत असताना मी विचारत होते, आणि माझा प्रश्न बरोबर होता. मला त्यांनी मूर्ख केलं नव्हतं. त्यांनी मला मूर्ख दाखवलं, आणि मी ते खरं मानलं. त्या पाठमोऱ्या पोरीला मीच इतके दिवस मान खाली घालून उभी केली होती.

आणि दुसरी गोष्ट. त्या सगळ्या तुकड्यात उत्तर कुठंच नव्हतं. दर बॅचला दाखवत होते, पण उत्तर तेवढं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी वर गेले. आपांना सुट्टी मागितली.

"कहाँ जा रे?"

"लातूरला."

माझा चेहरा बघून त्या उठल्या. "किसी कू मारने जा रे क्या?"

"न्हाई आपा. एक शंका राहिली हाय. विचारून येते."

दुसऱ्या दिवशी बस अहमदपूरला थांबली तेव्हा अण्णा स्टँडवर आले होते. मी फोनवर सांगितलं होतं. खिडकीतून मी त्यांना मोबाईल दिला. त्यांनी कानाला लावून बघितला तो तुकडा. गर्दीत उभे राहून. 'तुम्ही लोकं' आलं तेव्हा त्यांचा जबडा हलला.

मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, गुमान परत जा.

मोबाईल परत देत म्हणाले, "मी बी लई गिळलंय डेपोत. आमचं वेगळं पाण्याचं भांडं होतं, तू लहान होतीस. पचत न्हाई गं ते. जा तू."

बस सुटली.

क्लास आता मोठा झाला होता. काचेचं दार, बाहेर बॅनर, बॅनरवर नोकऱ्या लागलेल्या पोरांचे फोटो. सर केबिनमध्ये होते. मी आत गेले. त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितलं, तरी नाही. मग मी म्हणाले, "तुम्ही व्हिडिओ दाखवता ना, त्यातली मी."

त्यांचा चेहरा फुलला. खरंच फुलला, मी खोटं सांगत नाही. "अरे! एकशे सत्तावीस! ये ये, बस. काय करतेस आता?"

"नांदेडला सॉफ्टवेअरच्या कंपनीत हाय."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी टेबलावर हात मारला. "आपल्या बॅनरवर तुझा फोटो पाहिजे. चल, आत्ताच बॅच चालू आहे. मुलांना दोन शब्द सांग."

मला वाटलं होतं, वर्गात घुसावं लागेल, ढकलाढकली होईल. त्यांनीच मला हाताला धरून नेल्यासारखं नेलं. तीच खोली. प्रज्ञा मागच्या बाकावर होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

सरांनी माईक घेतला. "मुलांनो, काल आपण व्हिडिओ बघितला ना? ही तीच मुलगी. आपण हसलो तिला. पण आज ती सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कशामुळं? कारण तिला लागलं ते. माणूस लागल्याशिवाय घडत नाही. तेव्हा आपण तिला हसलो नाही, आपण तिला घडवलं. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या.

मी ठरवून आले होते, शांतपणे बोलायचं. पण त्या टाळ्या ऐकल्या आणि मला कळलं, हा माणूस माझा अपमान पण माझा राहू देणार नाही. तो पण त्याच्याच खात्यावर लावून घेणार. माझ्यावर थुंकला, आणि आता म्हणतोय झाड मी पाणी घालून वाढवलं.

मी माईक घेतला नाही. तशीच बोलले, माझ्या बोलीत.

"मला ह्यांनी घडवलं न्हाई. मी ह्यांच्यामुळं विचारायचं बंद केलं. नांदेडला माझं काम त्याच्यापायी बुडालं, शेजारी बसल्याल्या बाईला एक शब्द विचारायची हिंमत झाली न्हाई म्हणून. इंजिनिअर बी न्हाई मी. मला कोड लिहू देत न्हाईत तिथं."

सर हसत म्हणाले, "अगं अगं..."

"तो व्हिडिओ समद्यांनी बघितला ना? त्या पोरीला एकशे सत्तावीस का आले, कुणाला माहीत हाय?"

कुणी बोललं नाही. काहींना माहीत असेल. पण कुणी बोललं नाही.

"तिनं तीनदा विचारलं. ऐका परत जाऊन. उत्तर कुणीच दिलं न्हाई. तुम्ही हसून घरी गेले आन् तुमची शंका बी तशीच राहिली." मी फळ्यावर int लिहिलं. सांगितलं, आपण टाइप केलेलं कॉम्प्युटर अक्षर म्हणून घेतो, हे लावलं की आकडा म्हणून घेतो. "एवढंच हाय ते. हसायचं काय होतं?"

मधल्या बाकावरचा एक पोरगा वहीत उतरवून घेत होता. सरांनी त्याच्याकडं बघितलं तसं त्यानं पेन खाली ठेवलं.

मी सरांकडं वळले. "हितं, ह्या समद्यांसमोर तुम्ही मला माझं घर गावात का बाहेर हे विचारलं. 'तुम्ही लोकं' म्हणाले. आता हितंच, समद्यांसमोर सांगा की तुमचं चुकलं."

"केबिनमध्ये बोलू."

"हितं झालं, हितंच बोला."

"क्लास संपला," सर पोरांना म्हणाले. "जा सगळे."

पोरं उठली. प्रज्ञा माझ्या बाजूनं गेली. खाली बघत गेली. मी तिला थांबवलं नाही.

मग केबिन. तिथं त्यांचा आवाज बदलला. "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत जात दिसते. मी जातीचं एक अक्षर बोललो का?"

"गावात का बाहेर, हे कशाला विचारलं?"

"माहिती म्हणून. साधी माहिती."

"बाकी कुणाला विचारली ही माहिती?"

 त्यांनी मोबाईल काढला, दोन-चार ठिकाणी बोट दाबलं आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. "हे बघ. डिलीट. आता कुणीच बघणार नाही. संपला विषय?"

क्षणभर मला हलकं वाटलं. हेच तर मागायला आले होते ना मी. आणि मग लक्षात आलं, ते माझी लाज पुसत नव्हते. त्यांचं केलेलं पुसत होते. उद्या ते म्हणणार, असा काही व्हिडिओच नव्हता.

"माझ्याकडं हाय तो," मी म्हणाले. "मी मिटवणार न्हाई."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"काय पाहिजे तुला?"

"सांगितलं ना. समद्यांसमोर."

"ती मागं बसली होती ती तुझी कोण? बहीण? तिची राहिलेली फी सोडून देतो. पुढच्या कोर्सची पण. शिकू दे तिला. का तिचं वाटोळं करतेस?"

मी उठले. दारापाशी गेले तेव्हा ते मागून म्हणाले, "एवढी माजलीस? एका शब्दासाठी?"

"एका शब्दासाठीच," मी म्हणाले.

संध्याकाळी मामाचा फोन आला. लई बोलला. पोरीचं नुकसान केलंस, आम्ही कुणाच्या जिवावर शिकवावं, तुला चार पैसे मिळायले तर डोक्यात हवा गेली. प्रज्ञा त्याच क्लासला जाते अजून. माझ्याशी कमी बोलते. मी तिला क्लासमधून उठ म्हणणार नाही. मी पण उठले नव्हते. कधी उठायचं ते तिचं ती ठरवेल.

पोलिसात तक्रार दिली आहे. अण्णा सोबत होते. साहेब म्हणाले, क्लासमध्ये हसले, ह्यात काय मोठं? मी म्हणाले, तुम्ही पूर्ण ऐका, मग सांगा. त्यांनी ऐकलं. लिहून घेतलं. पुढं अजून काही झालेलं नाही. होईल असंही मी धरून चाललेले नाही.

ऑफिसात मी आपांना सगळं सांगितलं. मालकाला म्हणाले, मला पुन्हा कोडवर घ्या. तो नाही म्हणाला. मी दर आठवड्याला विचारते. तो वैतागतो. मी विचारते.

क्लासची नवी बॅच सुरू झाली त्या दिवशी मी पुन्हा लातूरला गेले. जिन्याखाली, रस्त्यावर उभी राहिले. नवी पोरं-पोरी येत होती. खेड्यातली लई होती. कुणी इस्लापूरकडची, कुणी उदगीरची, पाठीला नव्या बॅगा. प्रत्येकाला मी थांबवून सांगितलं, हितं कुणी तुमच्यावर हसलं, तुमचं गाव-घर विचारलं, तर रेकॉर्ड करा, आन् उत्तर घेतल्याशिवाय खाली बसू नका. काही थांबली. काही मला येडी समजून बाजूनं गेली. वरून वॉचमनला पाठवलं. तो म्हणाला, "ताई, हितं उभं राहू नका, साहेब रागवायलेत."

"हा जिना क्लासचा हाय. हा रस्ता कुणाचा हाय?"

"रस्ता सरकारी हाय."

"मग मी सरकारी रस्त्यावर उभी हाय."

तो गेला वर.

सरांचा निरोप आला आहे मामाकडून. एकट्यात भेटायला तयार आहेत, चूक झाली म्हणायला पण तयार आहेत. मी नाही म्हणून सांगितलं आहे. अपमान भर वर्गात केला. तो कोपऱ्यात मिटणार नाही. ज्या भिंतीपुढं झाला त्या भिंतीपुढं, पोरं बसलेली असताना, माईक हातात घेऊन त्यांनी बोलायचं आहे. त्याच्या खालचं मला काही नको.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. मी येणार. त्याच्या पुढच्या बॅचला पण येणार. हाकलतील, केस करतील, अजून काय-काय करतील. करू दे. ते वर्गात बोलत नाहीत तोवर जिन्याखालची ती जागा माझी आहे.